तेलीबाग आणि आकाशाचे दफ्तर

लखनऊ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभे राहते ते बहुधा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली राय उमानाथ बली प्रभृतींच्या साहाय्याने उभारलेले संगीत महाविद्यालय, आणि त्यामागोमाग नवाब, इमामवाडे, चिकनकाम व अदब यांची ती सर्वपरिचित मालिका. परंतु शहराच्या दक्षिणेस, दिलकुशा आणि लष्करी छावणी मागे टाकून रायबरेलीच्या दिशेने जाणाऱ्या हमरस्त्यावर तेलीबाग नावाची जी वस्ती लागते, तेथे प्रवासवर्णनकाराने क्षणभर थांबावे असे काहीच नाही. नहराचे पाणी, चौकातील गर्दी, भाजीपाल्याची आणि औषधांची दुकाने, पलीकडे गृहनिर्माण परिषदेने वसविलेल्या वृंदावन योजनेच्या इमारती, आणि बिहारपासून नेपाळपर्यंतच्या मुलखातून आलेल्या, हातात क्ष-किरण चित्रांची पाकिटे धरून ‘पीजीआय’कडे जाणारे वाहन शोधणाऱ्या माणसांची अखंड ये-जा, एवढाच तेथील देखावा. तथापि याच रस्त्याच्या आसमंतात गेल्या चाळीसेक वर्षांत अंतराळविद्येने सामान्य माणसाच्या संसारात प्रवेश केल्याचे एक मोठे प्रकरण घडले, आणि त्या प्रकरणाचे एक पान थेट हिमालयातील भूतान या चिमुकल्या राष्ट्रापर्यंत जाऊन पोहोचते. ते पान समजून घ्यावयाचे तर आरंभ मात्र आकाशातून न करता मातीपासूनच करावा लागतो.

लखनऊ, उन्नाव, रायबरेली, हरदोई या टापूत जागोजाग अशी जमीन आढळते की जिच्यावर थंडी सरताच पांढरा क्षार फुलून येतो, पावसाचे पाणी जिच्यात मुरत नाही आणि उन्हात जी दगडासारखी घट्ट होते. त्या क्षाराला तिकडे रेह म्हणतात व त्या भूमीला ऊसर; नीराकाठचा किंवा कृष्णाकाठचा आपला शेतकरी जिला चोपण म्हणतो, तिचीच ही उत्तरेकडील सख्खी बहीण. परीट कपडे धुण्यासाठी ही रेह खरवडून नेत असत, आणि एवढाच काय तो तिचा शतकानुशतके उपयोग. इंग्रजी अमदानीत कालव्यांचे जाळे पसरू लागल्यावर रेह वाढत चालल्याच्या तक्रारी अलिगढकडून सरकारदरबारी पोहोचल्या, आणि १८७०च्या दशकात त्यांच्या चौकशीसाठी एक खास समिती नेमण्यात आली. आपल्याकडेही नीरा कालव्याने बागायतीबरोबर तोच शाप आणला होता, आणि हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो आजही वाचनीय आहे. अवधच्या प्रदेशात शारदा नहराचे पाणी १९२८ साली आले; समृद्धी आली, आणि जेथे निचऱ्याची तजवीज झाली नाही तेथे ऊसरही वाढले. तेलीबागेपुढे विद्याविहार परिसरात १९९६ साली स्थापन झालेल्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठाच्या आवारातील मातीही याच जातीची असून, तेथील अध्यापकांना आपल्या प्रयोगांसाठी फार दूर जावे लागलेले नाही.

ऊसर सुधारण्याची विद्या अज्ञात नव्हती. बांध घालावेत, मातीत जिप्सम मिसळावे, पाणी साठवून क्षार खाली धुऊन काढावा, निचऱ्याचे चर खणावेत, प्रथम भात व मग गहू घ्यावा आणि मध्ये धैंचा गाडावा, हे कृषिशास्त्राने कधीच सांगितलेले होते. अडचण होती ती वेगळीच, आणि ती बव्हंशी दफ्तराची होती. उत्तर प्रदेशात असे क्षेत्र बारा-तेरा लाख हेक्टरांच्या घरात असल्याचा अंदाज होता. परंतु कोणत्या मौजात, कोणत्या गटात, नेमके किती आणि किती तीव्र, याचा उलगडा लेखपालाच्या, म्हणजे तलाठ्याच्या, खसऱ्यावरून होत नसे. त्यात ‘ऊसर’ एवढाच शेरा असावयाचा, आणि तोही कित्येकदा आजोबांच्या काळातला. ज्या भूमीवर महसूल बसत नाही तिच्याकडे महसूल खात्याने काळजीपूर्वक पाहावे, अशी अपेक्षा तरी कोणत्या आधारावर करावी?

येथे उपग्रह उपयोगी पडला. राज्यात ऊसर सुधारणेसाठी भूमिसुधार निगम १९७८ साली स्थापन झाला होता, आणि १९८२ साली शहराच्या उत्तरेस कुर्सी रस्त्यावर दूरसंवेदन उपयोजन केंद्र उघडले. फाल्गुन-चैत्रात, जेव्हा चांगल्या शेतांवर रब्बीचे पीक उभे असते आणि उजाड ऊसरावर क्षार सर्वांत अधिक फुललेला असतो, त्या सुमारास घेतलेल्या उपग्रहचित्रांत पिकाखालची भूमी आणि क्षारभूमी यांचा भेद इतका स्पष्ट उमटतो की शिकाऊ नजरेलाही तो चुकत नाही. आरंभी परक्या उपग्रहांची चित्रे वापरावी लागत. १७ मार्च १९८८ रोजी बैकोनूरहून भारताचा नियमित वापरासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए वर गेल्यावर आपली चित्रे आपल्या हाती आली. त्याच्या अधिक सूक्ष्म कॅमेऱ्यातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे छत्तीस मीटर बाजूचा चौरस, म्हणजेच एकराचा साधारण एक तृतीयांश. अवधच्या दाट वस्तीच्या मुलखात कित्येक कुळांचे सबंध शेतच याहून लहान! त्यामुळे चित्र हाती आले म्हणून पायपीट चुकली नाही. गावनकाशावर चित्र बसवावे, संशयाच्या जागा हेराव्यात, आणि मग लेखपालाला बरोबर घेऊन बांधाबांधाने हिंडून मातीचे नमुने काढावेत, असाच क्रम राहिला. १९९३ साली जागतिक बँकेच्या कर्जाने मोठा सुधार प्रकल्प सुरू झाला तेव्हा याच नकाशांच्या आधारे क्षेत्रे निवडली गेली, आणि ग्रामसभेची पडीक ऊसर जमीन भूमिहीनांना पट्ट्याने देऊन तिच्यावर भाताची पहिली रोपे लागली.

या यशाचे वर्णन करताना सरकारी अहवाल जितके उत्साही होतात तितके मला होता येत नाही, कारण जेथे चर बुजले आणि भूजल वर आले तेथे काही जमीन पुन्हा ऊसर झाली, हेही पुढच्या पाहणीत उघड झाले. परंतु ते उघड झाले तेही पुन्हा उपग्रहाच्याच चित्रांवरून. सुधारणेची फुशारकी मारणाऱ्या खात्याला आपलीच चूक वरून दाखविणारा असा निःपक्षपाती साक्षीदार पूर्वी उपलब्ध नव्हता, आणि माझ्या मते अंतराळविद्येचा हा उपकार जिप्समच्या गोण्यांहून कमी मोलाचा नाही.

जमिनीनंतर देहाची गोष्ट. तिचे बीज मात्र लखनऊत पडलेले नाही. ते विक्रम साराभाई आणि त्यांचे कोल्हापुरात जन्मलेले सहकारी एकनाथ वसंत चिटणीस यांच्या पिढीच्या विचारात सापडते. गरीब देशाने आकाशात यंत्रे का सोडावीत, या प्रश्नाला त्या पिढीने दिलेले उत्तर कोरडे नव्हते: १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले, आणि त्या ‘साइट’ प्रयोगाची धुरा चिटणीसांकडे होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेश त्या सहा राज्यांत नव्हता, ओडिशा होता. त्या प्रयोगाचा एक धडा असा की उपग्रह आपले काम निमूटपणे करतो, बिघडतो तो खेड्यातला संच, आणि तो वेळेवर दुरुस्त करणारा माणूस जवळच्या गावी बसविला नसेल तर वरचे सारे शास्त्र व्यर्थ जाते.

तेलीबागेच्या पुढे, रायबरेली रस्त्यालगत, ‘पीजीआय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेची कोनशिला १४ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या हस्ते बसली, १९८३ साली तिचा कायदा झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस रुग्णसेवा सुरू झाली. मूत्रपिंड, यकृत, अंतःस्रावी ग्रंथी, हृदय अशा दुर्घट विकारांसाठीची ही संस्था असल्यामुळे तिच्या दाराशी येणारा रुग्ण हा बहुधा तीन-चार ठिकाणी हात टेकून आलेला, पैशाने खंगलेला आणि लांबच्या प्रवासाने अर्धमेला झालेला असावयाचा. शस्त्रक्रिया यथासांग झाली तरी पुढे दर दोन-तीन महिन्यांनी ‘दाखवायला या’ म्हणून सांगितले जाई, आणि केवळ जखम पाहून, रक्ताचे कागद वाचून गोळीची मात्रा बदलण्यासाठी घरातील दोन माणसांची मजुरी बुडवून, बकरी विकून, रात्रीच्या गाडीने लखनऊ गाठावे लागे. वैद्यकाच्या ग्रंथांत या खर्चाला नाव नाही. परंतु उपचार अर्धवट सोडण्याची जी कारणे वैद्य सांगतात त्यांत याचे स्थान फार वरचे आहे.

१९९९च्या सुमारास अंतःस्रावी शल्यचिकित्सेचे प्राध्यापक एस. के. मिश्र यांनी या संस्थेत दूरवैद्यकाचा उपक्रम हाती घेतला. २००१ साली प्रयागच्या महाकुंभात, कोट्यवधी यात्रेकरूंच्या गर्दीत पटकीची साथ उद्भवू नये म्हणून लखनऊच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मेळ्यातील चाचण्यांवर दूरसंपर्काच्या साहाय्याने नजर ठेवली, आणि त्या अनुभवाचा वृत्तांत पुढे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने देशातील निवडक रुग्णालयांना उपग्रहाचे दुवे देण्यास प्रारंभ केला होता, आणि या संस्थेशी ओडिशातील कटक, बुर्ला व ब्रह्मपूर येथील वैद्यकीय महाविद्यालये जोडली गेली. ज्या ओडिशात पाव शतकापूर्वी जाळीच्या छत्र्यांखाली खेडूत बसले होते, त्याच ओडिशाचे रुग्ण आता कटकेत बसून रायबरेली रस्त्यावरच्या वैद्याशी बोलू लागले.

या संभाषणाची तऱ्हा ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती फार सोपी वाटेल. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. कटकेत उच्चारलेला शब्द वर जाऊन खाली लखनऊला उतरेपर्यंत जवळजवळ पाव सेकंद जातो, आणि उत्तर परत येईतो आणखी तितकाच. हा विलंब कागदावर क्षुल्लक असला तरी दोन घाईची माणसे बोलू लागली म्हणजे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. म्हणून आपले वाक्य पूर्ण करून थांबण्याची, समोरच्याला पुरते बोलू देण्याची सवय वैद्यांना लावून घ्यावी लागते, आणि रुग्णाला बोलू देण्याची ही सवय त्यांच्या नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागात शिरली असती तर कोणाचे नुकसान झाले नसते. क्ष-किरणाचे चित्र यंत्रावर टिपून आधी पाठवावयाचे, रक्ताचे अहवाल, हृदयालेख व टिपण त्याबरोबर जोडावयाचे, उभय ठिकाणच्या वैद्यांची वेळ जुळवावयाची, वीज राहील अशी तजवीज करावयाची, आणि मग रुग्णाला खुर्चीवर बसवून कॅमेरा त्याच्या गळ्याकडे वळवावयाचा. या साखळीत उपग्रह हा एकच दुवा असा की ज्याची कोणास फारशी काळजी करावी लागत नसे. काळजी करावी लागे ती कटकेतल्या तंत्रज्ञाची बदली झाली तर त्याच्या जागी कोण येणार याची, आणि लखनऊतील ज्येष्ठ वैद्य ठरल्या वेळी खोलीत येतील किंवा कसे याची.

वर्तमानपत्रांना आणीबाणीचे प्रसंग आवडतात, म्हणून दूरवैद्यकाविषयी लिहिताना मरणाच्या दारातून परत आणलेल्या रुग्णांच्या कथा पुढे येतात. खरा लाभ मला दोन नीरस गोष्टींत दिसतो. एक, शल्यक्रियेनंतरची पुनःतपासणी, जिच्यामुळे कित्येक कुटुंबांची लखनऊची खेप वाचली. आणि दुसरी, अध्यापन. लखनऊच्या वर्गातील चर्चा कटक-बुर्ल्याच्या विद्यार्थ्यांनी पडद्यावर ऐकावी, एखाद्या रुग्णावरून दोन्हीकडच्या अध्यापकांचा मतभेद व्हावा आणि तो विद्यार्थ्यांच्या देखत व्हावा, यातून दूरच्या महाविद्यालयातील तरुण वैद्याचे जे शिक्षण झाले त्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही. पुढे संस्थेत दूरवैद्यकाचे स्वतंत्र विद्यालयच निघाले, आणि तंत्रज्ञ, परिचारिका व वैद्य यांना या कामाची तालीम देण्याची सोय झाली.

आता भूतान. २०१७च्या गणनेप्रमाणे या राष्ट्राची लोकसंख्या ७,२७,१४५. एकट्या लखनऊ जिल्ह्याची २०११ची गणना याच्या सहापटीहून अधिक भरते. दूरचित्रवाणी तेथे १९९९ साली आली. औषधोपचार सरकार विनामूल्य देते, आणि जो विकार थिम्फूच्या राष्ट्रीय रुग्णालयात आटोक्यात येत नाही त्याचा रुग्ण सरकारी खर्चाने भारतात, कोलकात्यास किंवा वेल्लोरला, पाठविला जातो. अशा राज्यात विशेषज्ञाचे मत हे निव्वळ वैद्यकीय राहत नाही, ते खजिन्याचेही होते. कोणाला पाठवावे, कोणाला तेथेच ठेवावे, आणि परत आलेल्यावर पुढे कसे लक्ष ठेवावे, या तीन प्रश्नांवर देशाच्या आरोग्यखर्चाचा मोठा वाटा अवलंबून असतो. दिल्लीत २००७ साली भरलेल्या सार्क परिषदेच्या सुमारास शेजारी राष्ट्रांना दूरवैद्यकाने जोडण्याची कल्पना पुढे आली, आणि २००९ साली थिम्फूचे जिग्मे दोर्जी वांगचुक रुग्णालय चंडीगड व लखनऊ येथील दोन्ही ‘पीजीआय’ संस्थांशी जोडले गेले. ओडिशाशी बोलताना अंगवळणी पडलेली शिस्त येथे कामी आली. मोठ्या राष्ट्राने लहान राष्ट्राला उपग्रह भेट दिल्याच्या बातम्या समारंभपूर्वक छापल्या जातात. एका विकाराचा अनुभवी जाणकार ठरल्या वेळी उपलब्ध करून देणे ही भेट छायाचित्रात येत नाही, पण लहान राष्ट्राला तिचीच वाण अधिक असते.

समारंभाचे उपग्रहही आले, आणि ते निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. ५ मे २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून दक्षिण आशिया उपग्रह सुटला, आणि १७ ऑगस्ट २०१९ रोजी थिम्फूत त्याच्या भूकेंद्राचे उद्घाटन झाले. डोंगराच्या प्रत्येक घडीत तार नेणे ज्या देशाला परवडत नाही त्याला वरून येणारे प्रक्षेपण सोयीचे पडते, हे उघड आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी दोन्ही देशांनी मिळून घडविलेला, कॅमेरा बसविलेला एक छोटा उपग्रह वर गेला, आणि त्याच्या घडणीत भूतानी अभियंत्यांनी बंगळूरला तालीम घेऊन भाग घेतला. या कॅमेऱ्याचे महत्त्व कळण्यास ७ ऑक्टोबर १९९४ची रात्र स्मरावी लागते. लुनाना प्रदेशातील लुग्ये सरोवराचा हिमानीने रचलेला बांध त्या वेळी फुटला, पुनाखाच्या प्राचीन किल्ल्याला लोंढ्याने धडक दिली, आणि वीसेक माणसे प्राणास मुकली. अशा उंचीवरील सरोवरांपर्यंत माणूस वर्षातून काही आठवडेच पोहोचू शकतो. काठमांडूच्या पर्वतविकास केंद्राने २००१ साली नकाशे व उपग्रहचित्रे यांच्या आधारे जी गणती केली तीत भूतानमध्ये २,६७४ हिमसरोवरे नोंदली गेली आणि त्यांपैकी २४ धोक्याची ठरविली गेली. ऊसरासाठी लखनऊत जे झाले तेच येथे झाले: वरून यादी झाली, पण थोरथोर्मी सरोवराचे पाणी उतरविण्यासाठी पुढे कित्येक उन्हाळे कुदळी-फावडी घेऊन माणसांनाच वर चढावे लागले.

लखनऊचा आणखी एक धागा भूतानशी जुळतो, आणि तो तेलीबागेत कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. संकटात सापडलेली जहाजे, विमाने व गिर्यारोहक यांच्याजवळील यंत्रातून निघणारा हाकेचा संदेश उपग्रहांमार्फत टिपणारी ‘कॉस्पास-सारसॅट’ नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. तिची भारतातील ग्रहणकेंद्रे बंगळूर व लखनऊ येथे उभारली गेली, आणि भारताच्या सेवाकक्षेत बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ, सेशेल्स, श्रीलंका व टांझानिया हे सात देश आले. मालदीवच्या कोळ्याची किंवा भूतानच्या खिंडीत अडकलेल्या वैमानिकाची हाक गोमतीकाठच्या शहरात ऐकू यावी, ही गोष्ट नवाबी काळातल्या किस्सागोईतही कोणी खपवून घेतली नसती.

दूरवैद्यकाची पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. काचतंतूंच्या तारा पसरल्या, वैद्यकीय महाविद्यालये जमिनीवरच्या जाळ्यानेच परस्परांशी जोडली गेली, आणि उपग्रहाचा महागडा दुवा अंदमान, लडाखसारख्या दुर्गम ठिकाणांपुरता उरला. २०१९ साली ‘ई-संजीवनी’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली, आणि टाळेबंदीच्या दिवसांत तिची शाखा थेट रुग्णाच्या भ्रमणध्वनीपर्यंत आली. परंतु इतकी वर्षे पडद्यावरून दिलेल्या सल्ल्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची, तो लेखी द्यावा की तोंडी, औषध कोणते लिहावे आणि कोणते लिहू नये, याविषयी देशात स्पष्ट नियमावली अशी नव्हतीच. कटक-लखनऊ व्यवहार चालला तो संबंधित वैद्यांच्या सचोटीवर आणि परस्परांच्या विश्वासावर. ती नियमावली केंद्र सरकारने प्रसिद्ध केली २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे रायबरेली रस्त्यावर हा उपक्रम सुरू झाल्यानंतर दोन दशकांनी, आणि ज्या उपग्रहांनी ती रीत घालून दिली त्यांच्यावाचून बहुतेक वैद्यांचे काम चालू लागल्यानंतर.